देवीला काय विचारायचं

मला गुरवाच्या घरात दिलं तेव्हा आईने सांगितलं होतं, "खाऊनपिऊन बरं घर हाय, देवीची सेवा हाय, आनि सासू लय बोलत न्हाई." पहिल्या दोन गोष्टी बऱ्यापैकी खोट्या निघाल्या. खाणं बेताचं होतं, आणि देवीची सेवा म्हणजे देवीकडे येणाऱ्या माणसांची सेवा होती. सासू मात्र खरोखरच फार बोलत नव्हती.

आमचं देऊळ लोणावळ्यापासून आत, वलवणच्या धरणाच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. देवी म्हणजे शेंदूर लावलेला कमरेएवढा दगड. मंगळवारी आणि शुक्रवारी कौल लावायचा. माझे सासरे, त्यांना मी मामंजी म्हणे, तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवत. ज्याचा प्रश्न असेल त्याने तो मोठ्याने सांगायचा आणि मग सगळ्यांनी टक लावून बसायचं. उजवी कळी आधी पडली की होय, डावी पडली की नाही. कधी लगेच पडे, कधी दोन्ही नुसत्या चिकटून राहत. थंडीत फार वेळ लागे. देवी विचार करतेय, असं मामंजी म्हणत. मला वाटे शेंदरातलं तेल गोठलंय. पण मी बोलले नाही, कारण कळी कशाने पडते हे तिथे कुणी विचारायला येत नव्हतं.

नियम दोनच. प्रश्न एकच आणि तो होय किंवा नाही म्हणता येईल असा हवा. आणि मिळालेला कौल फिरवायचा नाही, त्याच गोष्टीसाठी पुन्हा लावायचा नाही. मामंजी म्हणत, "देवी काय वडगावची कचेरी न्हाई, सारखं अर्ज घेऊन यायला."

आता माणसं काही होय-नाहीचा प्रश्न घेऊन घरून निघत नाहीत. एखादी बाई सुरुवात करायची दिराच्या म्हशीपासून. मग म्हैस कुणाच्या पैशाने आली, तेव्हा सासरा काय बोलला, नणंद का हसली, धाकट्याला ताप कधी आला. हे सगळं देवीपुढे सांगत बसली तर कळ्या वाळून दोन्ही एकदम पडायच्या आणि मामंजींची पंचाईत व्हायची. म्हणून आधी देवळाच्या पायरीवर माझ्या सासूपाशी बसायचं आणि प्रश्न निवडून घ्यायचा. निवडायचा हा शब्द आत्याबाईंचा, म्हणजे सासूचा. तांदूळ निवडतात तसा.

पायरीवर कापसाची टोपली असे. येणाऱ्या प्रत्येकीला आत्याबाई मूठभर कापूस देत आणि वाती वळायला लावत. त्यामुळे देवळाला वाती मिळत आणि बाईला खाली बघायला कारण मिळे. एकमेकींच्या तोंडाकडे न बघता बायका जे बोलतात ते बघून कधी बोलत नाहीत, हे मी पहिल्या वर्षीच पाहिलं. आत्याबाई असंही म्हणत की वातीच्या पिळावरून त्यांना बाईच्या मनातलं कळतं. ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं त्यांनाही कळत नसावं.

मी चौथी पास. त्यामुळे मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ठाऊक असे. आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एक बाई आली. नवरा लोणावळ्याला रेल्वेत खलाशी, पगाराच्या दिवशी पिऊन यायचा आणि मारायचा. तिला कौल लावायचा होता, त्याची दारू सुटेल का. आत्याबाई आत गेल्या होत्या. मी म्हटलं, "देवीला कशाला इचारतीस? दोन भाऊ हायेत ना तुला? बोलव त्यांना आनि चार रट्टे द्यायला सांग." सल्ला चांगला होता, आजही मला तसंच वाटतं. पण त्या बाईने कापूस टोपलीत ठेवला, डोळे पुसले आणि निघून गेली.

आत्याबाई बाहेर आल्या. झालेलं ऐकलं.

"चौथी शिकलीस म्हनून उत्तरं येत्यात तुला," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायला ती आत बसलीया. आपलं काम परश्नाचं."

"परश्न तर तिनं सांगितला की. दारू सुटंल का."

"दारू कोन पितंय?"

"नवरा."

"मंग ते त्यानं इचारावं. देवीला आपुन काय करावं तेवडंच इचारायचं. दुसरं मानूस काय करंल, हे देवीलाबी ठावं नसतं."

ती बाई पुढच्या शुक्रवारी परत आली. मला वाटलं नव्हतं येईल. आत्याबाईंनी तिला कापूस दिला आणि अर्धी टोपली संपेपर्यंत एक शब्द काढला नाही. मी शेजारी बसून जीभ चावत होते. शेवटी ती बाईच म्हणाली, "मावशी, मी पोरं घिऊन आईकडं जाऊ का चार म्हैनं?"

"हां," आत्याबाई म्हणाल्या. "आता जा आत."

डावी कळी पडली. बाई बाहेर आली, पायरीवर थोडी थांबली आणि म्हणाली, "आईकडं न्हाई म्हनती देवी. मंग माज्या मावशीकडं जाते." आणि गेली. मावशीचं घर आईच्या घराच्या भिंतीला भिंत लागून होतं हे मला नंतर कळलं. मामंजींना हे मुळीच आवडलं नाही. आत्याबाईंनी पुढचा कापूस पिंजायला घेतला.

असं ते शिक्षण. फळा नाही, परीक्षा नाही, आणि चुकलं की माणूस उठून निघून जातं. सगळ्यात अवघड होतं ते, "माझंबी असंच झालतं," हे न म्हणणं. कुणी सासूचं गाऱ्हाणं सांगायला लागलं की माझ्या पोटात शब्द उड्या मारत, आणि माझी सासू तर शेजारीच बसलेली. दुसरी अडचण अशी की इथे दोन्ही बाजू यायच्या. मंगळवारी सून येऊन सासूबद्दल बोलायची आणि शुक्रवारी तीच सासू त्याच टोपलीतला कापूस घेऊन सुनेबद्दल. कुणाची बाजू घेतली की पुढच्या वारी आपलीच फजिती. म्हणून कुणाचीच घ्यायची नाही आणि एकीचं दुसरीला कळू द्यायचं नाही. माझा स्वभाव तसा नव्हता. सवयीने झाला.

पुरुषही येत, पण ते पायरीवर बसत नसत. त्यांना वाटे आपला प्रश्न निवडलेलाच आहे. एक मात्र बसला. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचा कामगार होता. झोप येत नाही म्हणाला आणि त्याच्यापुढे काही बोलला नाही. आत्याबाईंनी त्याच्याही हातात कापूस दिला. वाती मात्र त्याने फार सुरेख वळल्या. मग प्रत्येक शुक्रवारी येऊ लागला. यायचा, वाती वळायचा, पाया पडून जायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

मामंजी एकदा वैतागले. "ह्यो परश्न कवा इचारनार? नारळ फोडायला सगळ्यांनी आत यावं लागतंय. तुमी समद्यांचं भाईरच निपटिवता."

"वाती चांगल्या वळतो," आत्याबाई म्हणाल्या. "येऊ द्या."

माघात कधीतरी तो यायचा थांबला. झोप लागायला लागली की बदली झाली, कोण जाणे. आमच्या कामात शेवट कळतोच असं नाही.

काही माणसं आमच्या कामाची नव्हती, आणि तेही आत्याबाईंना कळे. एका माणसाला त्याच्या भावांनी दोरीने बांधून आणलं होतं. त्याला ताटातल्या भातात साप दिसत. आत्याबाईंनी त्याला देवळात जाऊच दिलं नाही. "हितं नगं," म्हणाल्या, "पुन्याच्या इस्पितळात न्या, आजच न्या." भाऊ रागावले. देवीच्या दारात येऊन ही बाई डॉक्टरकडे पाठवते म्हणजे काय. पण गेले. मामंजींनी त्या दिवशी बायकोशी भांडण काढलं. तो माणूस औषधावर राहिला आणि पुढे त्याच रस्त्याने शेळ्या घेऊन जाताना दिसायचा. देवळाकडे बघायचाही नाही.

आधी मामंजी गेले, मग आत्याबाई. कौल माझ्या नवऱ्याकडे आला आणि पायरी माझ्याकडे. नवऱ्याचा कळ्यांवर फार विश्वास होता. माणसांकडे तो बघत नसे. ते एका अर्थी बरंच होतं, कारण मी निवडलेल्या प्रश्नात त्याने कधी ढवळाढवळ केली नाही. फक्त महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसलेली असे. तेव्हा मला पायरी चढायची मनाई, कापसाला हात लावायची मनाई. ते चार दिवस मंगळवार किंवा शुक्रवारी आले की लोकांचे प्रश्न न निवडता, खड्यांसकट थेट आत जात. आजूबाजूच्या गावांत त्या काळी जे काही विचित्र निर्णय झाले त्यांतले निम्मे या चार दिवसांतले असावेत.

अशाच एका शुक्रवारी ती माणसं आली. फाल्गुन होता. मी गोठ्याच्या पडवीत बसले होते. एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. मुलगा लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी. सून विशीतली, अंगाने धडधाकट, पण गेल्या पावसाळ्यापासून बोलायची थांबली होती. काम सगळं करायची, बोलायची नाही. भगताकडे नेऊन झालं होतं, त्याने बाहेरची बाधा सांगितली. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी टॉनिक दिलं, गुण नाही आला तर पुण्याला दाखवा म्हणाले. पुण्याला दाखवा म्हटल्यावर म्हातारी घाबरली. धाकट्या मुलाची सोयरीक चालू होती. घरात वेडी सून आहे असं एकदा नाव पडलं की ती मोडणार. मूल झालेलं नव्हतं, त्यामुळे सोडणं सोपं आहे, असं सांगणारेही भेटले होते.

बाधा असलेल्या माणसाला कौल होईपर्यंत देवीपुढे आणत नसत. म्हणून सुनेला माझ्याजवळ पडवीच्या कडेला बसवलं. दोघी बाजूला काढलेल्या. माझ्या हातचं पाणी तिला चाललं नसतं, म्हणून मी मडक्याकडे बोट दाखवलं. ती उठली नाही. कापूस नव्हता, त्यामुळे दोघींच्या हातांना काम नव्हतं. आतून म्हातारीचा आवाज आला. खणखणीत आवाज होता.

"आई, सुनंला माहेरी सोडावं का?"

थोड्या वेळाने नवऱ्याने घंटा वाजवली. उजवा कौल झाला की तो घंटा वाजवे. ती मुलगी उठली आणि जायला निघाल्यासारखं लुगडं झटकलं. एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही. तिला सगळं ऐकू येतं आणि सगळं कळतं, हे मला तेव्हा समजलं. बाधा झालेल्यांचं मी खूप पाहिलं होतं. घंटेचा अर्थ लावून लुगडं झटकणारी बाधा पाहिली नव्हती.

पुढच्या शुक्रवारी म्हातारी आणि मुलगा परत हजर. सुनेला घरी ठेवून आले होते. मी पायरीवर होते. म्हातारी पायरीवर बसण्याआधीच म्हणाली, "गुरवीणबाई, तेवडा कौल माघारी घ्या."

आतून माझा नवरा म्हणाला, "कौल म्हंजी उसनं पीठ हाय व्हय, माघारी घ्यायला?"

"अवो भाऊ, पर सोडायची कुटं? तिला माहेरच न्हाई."

मी दोघांच्या हातात कापूस दिला. मुलाने तो नुसता धरून ठेवला. मग हळूहळू कळलं ते असं. मुलीचं गाव पवनेच्या काठी होतं. धरण झालं, गाव उठलं. बाप आधीच वारला होता. भाऊ तळेगावला कारखान्यात लागला आणि आईला घेऊन भाड्याच्या एका खोलीत राहिला. बायको, पोरं, सगळी त्याच खोलीत. म्हातारी आठवडाभरात तळेगावला जाऊन आली होती. भाऊ म्हणाला, "हितं पाय पसरायला जागा न्हाई. आनि माज्या खोलीत आनून सोडलं म्हंजी माहेरी सोडलं असं कुटं हुतंय? ही तर घरमालकाची हाय."

"हे मंग आधी न्हाई ध्यानात आलं?" मी विचारलं.

"आवो, सुनंला सोडायची म्हंजी माहेरीच सोडत्यात," म्हातारी म्हणाली. "माहेर हाय का न्हाई, ह्ये कोन बगतंय?"

तिचं काही चुकीचं नव्हतं. सगळेच तसं बोलतात. मी वाती वळत बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "बोलायची कवा थांबली ती?"

"गौरी-गनपतीच्या पुडंमागं."

"तवा काय झालतं?"

"काय न्हाई."

मुलगा घसा खाकरून म्हणाला, "तवा मी तिला पानी दावायला नेलतं."

"कसलं पानी?"

"धरणाचं. पयल्यांदाच समदं भरलं हुतं. लोक बगायला जात हुते. मला वाटलं, तिचं गाव हाय तितं, तिलाबी बगायला बरं वाटंल. भजीबी घेतली तिला."

म्हातारी त्याच्याकडे वळली. "हे मला कदी न्हाई सांगितलंस."

"तू इचारलं न्हाईस."

"खाल्ली का भजी तिनं?" मी विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मीच खाल्ली."

मला हसू आलं ते मी दाबलं. माणूस वाईट नव्हता. बायकोला बरं वाटावं म्हणून तिचं बुडालेलं गाव दाखवायला नेणारा नवरा वाईट कसा म्हणायचा? पण आता त्याला हे समजावून सांगितलं असतं तर ते उत्तर झालं असतं, आणि कापूस धरून बसलेला तो मुलगा स्वतःच्या हाताकडे असा बघत होता की समजावायची गरजही नव्हती.

उरला कौल. नवरा दारात येऊन उभा राहिला होता. तो फिरवणार नव्हता आणि मीही त्याला तसं म्हणणार नव्हते. कौल फिरतो हे एकदा लोकांना कळलं की आमच्या दाराशी कुणी आलं नसतं, आणि मग माझी पायरीही रिकामी राहिली असती.

"परश्न काय घातलता, जसाच्या तसा सांग," मी म्हातारीला म्हटलं.

"सुनंला माहेरी सोडावं का."

"कायमची?"

म्हातारीने आठवून बघितलं. "आसं न्हाई म्हटलं."

"किती दिस?"

"त्येबी न्हाई."

"म्हंजी देवीनं सोडा म्हटलंय. माघारी आनू नका असं न्हाई म्हटलं."

नवऱ्याने बराच वेळ विचार केला. त्याला यात खोट काढायची होती पण सापडेना. "बराबर हाय," तो शेवटी म्हणाला, कुणीतरी जेवता जेवता त्याच्या ताटातली भाकरी उचलावी अशा चेहऱ्याने. "पर सोडायला तर लागंलच. माहेरातच. भावाच्या खोलीवर चालनार न्हाई."

"आता पान्यात बुडवू का तिला?" म्हातारी म्हणाली.

"वैशाखात पानी उतरतं," मुलगा म्हणाला. "गावातली जोती उगडी पडत्यात. पानी बगायला गेलतो तवा तिथलाच एक मानूस सांगत हुता."

तर असं ठरलं की वैशाखात सुनेला तिच्या माहेरी, म्हणजे घराच्या जोत्यावर नेऊन सोडायचं आणि मग परत आणायचं. नवऱ्याने अट घातली, कौल पुरा झाला हे बघायला देवळाचं माणूस हवं. देवीला सोडून त्याला जाता येत नव्हतं. म्हणून मी. आणि म्हातारीला वाटत होतं की सोडायचं तर सासूच्या हातून रीतसर सोडलं पाहिजे. म्हणून तीही.

वैशाखातल्या एका सोमवारी आम्ही चौघे लोणावळ्याहून गाडीने कामशेतला उतरलो. तिथे एस.टी.ची वाट बघताना माझं लक्ष सुनेच्या काखेतल्या गाठोड्याकडे गेलं. चांगलं मोठं होतं. तिची सगळी लुगडी त्यात होती.

"तिला सांगितलंस ना, की माघारी आनायचंय?" मी मुलाला विचारलं.

"मला वाटलं आई सांगंल."

म्हातारी म्हणाली, "मला वाटलं गुरवीणबाई सांगतील. त्यांचंच काम ते."

तीन महिने तिच्याबद्दल तळेगावपासून देवीपर्यंत सगळ्यांशी बोलणं झालं होतं. एस.टी.त मी तिच्याशेजारी बसून सांगितलं की तुला ठेवून येणार नाही, कौल पुरा करून परत आणणार आहोत. ती खिडकीबाहेर बघत होती. गाठोडं मांडीवर घट्ट धरलेलं. ऐकलं असेल, पण विश्वास ठेवायला आम्ही तिला काही कारण दिलेलं नव्हतं.

उतरून बरंच चालावं लागलं. पाणी खूप मागे गेलं होतं. जमीन भेगाळलेली, वर वाळलेला गाळ, आणि त्यातून जोत्यांच्या रांगा वर आलेल्या. भिंती नाहीत, झाडं नाहीत, नुसते चौकोन. एकाच मापाचे वाटत. मुलाने एका चौकोनाकडे बोट दाखवलं. "हेच का ग?" ती काही बोलली नाही. म्हातारी म्हणाली, "हेच आसंल, बस जा." माझे पाय उन्हाने पोळत होते, मला घाई झाली होती. मीही म्हटलं, बस.

ती बसली नाही. पुढे चालत गेली. थोड्या अंतरावर एक बैलगाडी उभी होती आणि एक म्हातारा माणूस पहारीने जोत्याचे घडीव दगड उचकटून गाडीत भरत होता. त्या काळी बरेच लोक असे दगड नेत. पाण्याखाली पडून राहण्यापेक्षा नव्या घराला लागलेले बरे. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने वर बघितलं.

"आगं, तू व्हय? कुनासंगं आलीस?"

तिने गाठोडं खाली ठेवलं.

"ह्यो दगड आमचा हाय," ती म्हणाली. "तुमचं जोतं तितं, चिंचंच्या बुडाशी. हे माज्या बाचं हाय."

आवाज बसलेला होता, पण शब्द स्पष्ट. माझ्यामागे मुलगा जागच्या जागी थांबला.

तो तिचा चुलता निघाला. म्हणाला, "चिंच कुटं ऱ्हायलीया आता? समदं पान्यात गेलं. तुजं काय नि माजं काय."

"चिंच न्हाई, पर बुड हाय. बगा की. ह्यो उंबऱ्याचा दगड माज्या बानं खानीतनं आनलता. तुमी तवा गाडी दिली नव्हती."

"आगं, मी बैल दिलते."

"एक बैल दिलता. त्योबी लंगडा."

आणि तिथून जे सुरू झालं ते थांबेना. बांध, विहीर, लंगडा बैल, आजीची पाटली, सगळं निघालं. आठ-नऊ महिन्यांचं साठलेलं बोलणं होतं आणि त्यात एकही शब्द दुःखाचा नव्हता, सगळा वाटणीचा होता. मी आत्याबाईंकडे इतकी वर्षं शिकले, पण माणसाला बोलतं करायला भाऊबंदकीचा दगड लागतो हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बहुतेक त्यांच्याही पाहण्यात नसावं.

चुलत्याने आवाज चढवला, "तू दिलेली पोरगी, तुजा काय संबंद हितं?" तेव्हा आमची म्हातारी पुढे झाली. पदर कमरेला खोचला.

"कसा न्हाई संबंद? माज्या सुनंच्या बाचा दगड हाय. उतरवा खाली."

"तुमी कोन, बाई?"

"मी तिची सासू. आनि उन्हात हुबी हाय. उतरवा म्हन्ते ना."

चुलत्याने दोघींकडे पाळीपाळीने बघितलं. मग मुलाच्या मदतीने तो दगड गाडीतून उतरवला आणि उंबऱ्याच्या जागी परत बसवला. नीट बसेना, तर तिने दोनदा सरळ करायला लावला. आषाढात ते सगळं पुन्हा पाण्याखाली जाणार होतं. ते तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मग ती त्या दगडावर बसली. आम्ही थोडे लांब बसलो. चुलता गाडी घेऊन आपल्या जोत्याकडे गेला. बराच वेळ गेला. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, आता काय म्हणून.

"मला काय इचारतोस?" मी म्हटलं. "तिला इचार."

तो उठून गेला. तिच्यासमोर उभा राहिला. आत्तापर्यंत कुणी तिला कसला प्रश्न घातलाच नव्हता, त्यामुळे त्याला सुरुवात सुचेना.

"येतीस का?" तो म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "मावशी, मला सोडून झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"पुरं?"

"पुरं. पुन्ना कुनाला सोडता येनार न्हाई."

हे मी पदरचं सांगितलं. कौलात तसं काही नव्हतं. पण पुरा झालेला कौल पुन्हा लावत नाहीत, म्हणजे जवळजवळ तसंच होतं, आणि म्हातारीने मान डोलावली. नवऱ्याला मी हे घरी जाऊन सांगितलं नाही.

ती उठली. "मंग चला," सासूला म्हणाली. "म्हशीची येळ हुईल."

"शेजारनीला सांगून आले मी."

"तिच्या हाताला पान्हवत न्हाई ती. लाथ मारंल." आणि गाठोडं नवऱ्याच्या हातात देऊन ती पुढे चालायला लागली.

ती बरी झाली असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की तिचं बोलणं कमी होतं, काही वेळा बंदच पडतं. एक वर्ष फारच झालं, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनाही दाखवलं. म्हातारी स्वतः घेऊन गेली, धाकट्याचं लग्न तोवर झालेलं होतं. पण सोडायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. आणि कौल लावायला ती म्हातारी परत कधी आमच्याकडे आली नाही. तिचा मुलगा एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलं. तो म्हणाला, ती बोलेनाशी झाली की आई तिला घेऊन टेकाडावर जाते, वलवणचं पाणी दिसतं तिथे. दोघी पाठीला पाठ लावून बसतात. सून पाण्याकडे बघते आणि आई शेंगा सोलत तिच्या चुलत्याला शिव्या देत बसते.

"तुमी सांगितलं व्हय हे आईला, मावशी?" त्याने विचारलं.

मी काहीच सांगितलं नव्हतं.